ग्रहणात वाटली गेलेली काळी काच

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
लोखंडी साकव बांधकाम उपविभाग (तात्पुरता),
मुक्काम महाड, जि. कुलाबा.

अर्जदार : काशीराम हैबती तांबे, वेल्डर (रोजंदारी), राहणार बौद्धवाडी, मौजे खडपवाडी, वरंधच्या अलीकडे, ता. महाड.

विषय : वेल्डिंग करतेवेळी डोळ्यांपुढे धरावयाची काळी काच तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा मेमो, ‘सरकारी काच परस्पर गावात वाटल्याबद्दल खुलासा करावा’.
२) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. उत्तर नाही.
३) दिनांक १६ फेब्रुवारी १९८० रोजी झालेले सूर्यग्रहण.

महोदय,

सविनय जयभीम. मागील दोन्ही अर्जांत मी ‘सविनय नमस्कार’ असे लिहिले होते, त्यांस उत्तर आले नाही. म्हणून या खेपेस आमच्या वाडीत लिहितात तसे लिहिले आहे. राग नसावा.

१. मी आपल्या उपविभागाकडे खडपवाडीच्या वहाळावरील लोखंडी साकवाच्या कामावर वेल्डर आहे. शिक्षण सातवी पास. वेल्डिंगचे काम मुंबईस गोदीत एका ठेकेदाराच्या हाताखाली शिकलो. आई सोनाबाई छातीच्या दुखण्याने थकली, म्हणून गावी परत आलो. वहाळाच्या अलीकडे गाव, शाळा आणि मोटारीचा रस्ता आहे. पलीकडे आमची वाडी आहे. पावसाळ्यात वहाळ दोन्ही थड्या भरून वाहू लागला की आमची पोरे शाळेत जात नाहीत, बाळंतीण अडली तर ती तशीच अडते, आणि आजारी माणसाने पाणी उतरेपर्यंत दम धरायचा असतो. अशा वहाळावर साकव मंजूर झाला आणि त्यावर काम करण्यास आमच्याच वाडीतला माणूस घेतला, हा आपला मोठेपणा आहे. ते मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढचा मजकूर वाचून मी आपणांस कृतघ्न वाटण्याचा संभव आहे.

२. वेल्डिंगची ज्योत उघड्या डोळ्यांनी पाहावयाची नसते. आपणांस हे ठाऊक आहेच. परंतु आपले भांडारपाल यांस ते ठाऊक नसावे असे त्यांच्या बोलण्यावरून वाटते. ते म्हणाले, “त्यात एवढं बघायचं काय असतं? रॉड लावला की चिकटतंय.” साहेब, चिकटते ते डिंकाने. लोखंड आधी वितळून पाणी व्हावे लागते, दोन्ही बाजूंचे पाणी एकमेकांत मिसळावे लागते आणि मग थिजावे लागते. ते पाणी कुठे चालले आहे हे पाहण्यासाठी तोंडासमोर एक ढाल धरतात. ढालीला तळहाताएवढी खिडकी असते आणि खिडकीत काळी काच असते. एरवी त्या काचेतून भर दुपारी स्वतःचा हातही दिसत नाही. ज्योत पेटली म्हणजे मात्र ज्योतीच्या पोटातले लोखंड स्पष्ट दिसते. उघड्या डोळ्यांनी पाहिले तर त्या वेळी काही होत नाही, म्हणून नवशिक्याला वाटते की आपण मर्द. जेवण करून अंथरुणाला पाठ टेकली की मग डोळ्यांत कोणी मूठभर रेती टाकून वरून चोळत असल्यासारखे होते. मोठा बाप्या माणूस ‘आई गं, आई गं’ करून रडतो. मी रडलो आहे. हे अर्जात लिहिण्याची लाज वाटत नाही, कारण आता लाज धरून माझे डोळे परत येणार नाहीत.

३. अशी एक काच आपल्या भांडारातून माझ्या सहीने मला मिळाली होती. ती आज माझ्याजवळ नाही. ती कशी गेली याचा खुलासा आपण मागितला आहे, तो येणेप्रमाणे.

ग्रहणाच्या आठवड्यात शाळेचे मुरारी गुरुजी यांनी वर्तमानपत्रात वाचले की सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर माणूस आंधळा होतो, मात्र वेल्डिंगच्या काळ्या काचेतून पाहिल्यास बाधा होत नाही. गुरुजी भला माणूस. त्यांना वाटले, गावाने भिऊन दारे लावून बसू नये, पोरांनी ग्रहण पाहावे, विज्ञान शिकावे. त्यांनी ही गोष्ट सरपंच श्रीपतराव यांस सांगितली. आणि मग एका संध्याकाळी सरपंच, वरच्या आळीचे दोघे, खालच्या आळीचे दोघे आणि गुरुजी असे वहाळाच्या दगडांवरून पाय टाकीत आमच्या वाडीत आले.

साहेब, आपण देशावरचे आहात, आपणांस यात काही विशेष वाटणार नाही. परंतु गावचे मानकरी असे जथ्याने आमच्या अंगणात आलेले मी जन्मात पाहिले नव्हते. माझ्या पत्नीने, मंजुळाने, चहा ठेवला. सरपंचांनी तो घेतला. गुरुजींनी घेतला. बाकीचे म्हणाले, आत्ताच घेऊन निघालो. सरपंच म्हणाले, “काशा, तुझ्याकडं ती काळी काच हाय ना, ती गिराणाच्या दिसापुरती दे. गाव मागतोय.”

४. आता मी ‘नाही’ का म्हणालो नाही, हा आपल्या मेमोतला दुसरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी मला थोडे मागे जावे लागते, क्षमा असावी.

माझे वडील कालकथित हैबती यांच्या वेळेपर्यंत, ग्रहण लागले की आमच्या लोकांनी गावात फिरून ‘दे दान, सुटे गिराण’ असे ओरडायचे, अशी रीत होती. घरोघरच्या बाया दाराच्या बाहेर पायरीवर दाणे, जुने कपडे ठेवीत आणि आत जात. आमच्या माणसांनी ते उचलायचे. आम्ही उचलले म्हणजे सूर्य सुटायचा. धर्मांतरानंतर वाडीने ही रीत पुरून टाकली. वडिलांनी शेवटचे ग्रहण घरात बसून काढले, आणि गावाने म्हटले की हैबती माजला.

तर सरपंच अंगणात उभे असताना आई आतून उठून दाराशी आली आणि माझ्या कानाला लागली. ती म्हणाली, “काशा, आजवर गिराण लागलं की आपून त्यांच्या दारात. आज ते आपल्या दारात मागाया आलंत. नाय म्हनू नको रे. दे. तुझा बा बघाया हवा होता.”

मी काच दिली. ढालीतून काढून, फडक्याने पुसून, दोन्ही हातांनी दिली. ती सरकारी आहे याची मला पूर्ण जाणीव होती. तरी दिली. त्या क्षणी मला काय वाटले हे मी मेमोच्या उत्तरात कसे लिहू? मला फार बरे वाटले, एवढेच लिहितो. ‘सोमवारी कामावर लागेल’ असे मात्र मी चारचौघांत बजावून सांगितले होते आणि सर्वांनी माना डोलावल्या होत्या.

५. काच एक आणि पाहणारा गाव. गुरुजींचा बेत असा की शाळेच्या पटांगणात सर्वांनी रांग करावी आणि एकेकाने पाहून पुढच्याला द्यावी. परंतु पहिला कोण? वरची आळी म्हणाली, पालखीचा पहिला खांदा आमचा, तेव्हा पहिला डोळाही आमचा. खालची आळी म्हणाली, होळीला गवताची पहिली कवळी आमची पडते, हे विसरलात काय? रात्रभर देवळात बैठक झाली. त्यात कोणी तरी असेही काढले की ही काच रोज काशाच्या तोंडाला लागते, त्याचा घाम तिला लागतो. तेव्हा ती तुळशीच्या पाण्याने धुऊन घेतली, असे मला मागाहून कळले. धुतल्यावरही प्रश्न उरलाच, की एकाने डोळ्याला लावलेली दुसऱ्याने का लावावी, आणि बौद्धवाडीच्या पोरांनी लावल्यावर पुढे तिचे काय करायचे.

शेवटी तोड निघाली. सरपंचांचे मेहुणे काच घेऊन महाडला गेले आणि तसबिरी मढवणाऱ्याकडून हिऱ्याने तिचे तुकडे पाडून आणले. वरच्या आळीला एक, खालच्या आळीला एक, सरपंचांना एक, शाळेला एक. कोणी कोणाच्या मागे पाहायला नको. भांडण मिटले, गावात पेढे वाटावे इतका आनंद झाला. पाचवा तुकडा राहिला तो, उरलाच तर, आमच्या वाडीला द्यावयाचा होता.

तो उरला नाही. ग्रहणाच्या दिवशी आपण साकवाच्या पाहणीसाठी जीपने आला होता. तो पाचवा तुकडा सरपंचांनी आपणांस नारळासह सन्मानपूर्वक अर्पण केला. आपण त्यातून ग्रहण पाहिले आणि ‘वा, फार स्पष्ट’ असे उद्गार काढले, असे गुरुजी सांगतात.

मी ग्रहण पाहिले नाही. माझ्याकडे काच नव्हती. मी, आई आणि मंजुळा दार ओढून घरात बसलो होतो. फक्त कौलांच्या फटीतून एरवी उन्हाचे गोल कवडसे जमिनीवर पडतात, ते त्या दुपारी सगळे नखाएवढ्या चंद्रकोरी होऊन पडले. आईच्या लुगड्यावरही पडले. ती हात फिरवून त्या झटकू लागली आणि हसली. तेवढेच आमचे ग्रहण.

६. सोमवारी मी काच मागण्यास गेलो तेव्हा तुकड्यांची गोष्ट कळली. मी कपाळाला हात लावला. भांडारपाल यांच्याकडे आलो. त्यांनी नियम दाखवला की फुटका नग जमा केल्याशिवाय नवा नग देता येत नाही, आणि फुटका नग म्हणजे पूर्ण नग, तुकडे जुळवून चौकट भरली पाहिजे. म्हणून मी तुकडे गोळा करण्यास निघालो. त्याची हकिकत अशी.

वरच्या आळीचा तुकडा चंपाबाईंच्या देव्हाऱ्यात आहे. त्यातून सूर्यनारायणाचे दर्शन झाले म्हणून त्याला हळदकुंकू वाहिले आहे. मी अंगणातूनच विचारले. त्या म्हणाल्या, “देवातली वस्तू काढून देऊ? आन् ती तुझ्या हातात? बरा हायस ना तू?” मी बरा नाही, हेच सांगायला आलो होतो, पण त्या आत निघून गेल्या.

खालच्या आळीने ग्रहण सुटल्याबरोबर घरातले शिळे पाणी ओतले, आंघोळी केल्या आणि ग्रहण पाहिलेली वस्तू घरात नको म्हणून काच वहाळात सोडली. मी आणि माझा मदतनीस गणू गुडघाभर पाण्यात उतरून दगड उलथीत बसलो. एक बाटलीचे बूड आणि एक तुटका आरसा सापडला. ज्या वहाळावर मी साकव बांधतो आहे त्याच्याच पोटात माझी काच आहे, यावर हसावे की रडावे हे मला कळत नाही.

सरपंचांचा तुकडा त्यांचा मुलगा भिकाजी मुंबईस घेऊन गेला. तो तिकडे गिरणीत आहे. सांगावा धाडला. उलट सांगावा आला की तुकडा सुखरूप आहे, काळजी नसावी, पुढच्या ग्रहणाला उपयोगी पडेल म्हणून ट्रंकेत ठेवला आहे.

गुरुजींनी मात्र शाळेचा तुकडा त्याच दिवशी आणून दिला. बोटभर रुंदीचा होता. “काशीराम, माझ्यामुळे झालं रे,” एवढेच ते बोलले आणि चष्मा पुसू लागले. तो तुकडा पत्र्यात बसवून मी एका डोळ्याने का होईना काम केले असते. पण मी नियमाने वागायचे ठरवून तो भांडारपालांना नेऊन दाखवला. त्यांनी तो जमा करून घेतला, पोच दिली आणि बाकीचे आणा म्हणाले. आता तो भांडारात कुलपाखाली आहे. शहाणपणा करू नये तो असा.

महाडच्या बाजारात विचारले तर ग्रहणाआधीच सगळ्या काचा संपल्या, असे उत्तर मिळाले. पोलादपुरात तर दुकानदार म्हणाला, “आता गिराण झालं, आता कशाला?” माझे मेहुणे महादू यांनी मुंबईहून पाठवून दिला तो सिनेमातल्या माणसाचा काळा गॉगल. “काळीच काच हाय ना?” असा त्यांचा निरोप होता. तो घालून मी दोन टाके मारले. मी देखणा दिसलो असे गणूने सांगितले, बाकी उपयोग काही झाला नाही.

७. आता, काच नाही तर काम थांबवावे, असे कोणीही म्हणेल. मी थांबवले होते. त्यावर आपल्या कार्यालयाचा निरोप आला की मिरगाच्या आत साकव खुला झाला पाहिजे, न झाल्यास दुसरा माणूस पाहू. दुसरा माणूस आला असता तर तो बिनकाचेचाच आला असता, आणि त्याची पोरे या साकवावरून शाळेत जाणार नव्हती. म्हणून मीच राहिलो.

बिनकाचेने काम कसे करतात ते लिहितो, कारण पुढे याचीच गरज पडणार आहे. रॉडचे टोक सांध्यावर आणायचे. जागा मनात धरायची. मग डोळे गच्च मिटायचे आणि ठिणगी पाडायची. त्यापुढे कानाने काम करायचे. ज्योत नीट लागली असेल तर तव्यावर बोंबील तळावा तसा एकसारखा आवाज येतो. आवाज फाटला की हात सरकला असे समजायचे. मिटल्या पापण्यांतूनही उजेड लाल होऊन आत येतो, तो चुकत नाही. गणू पलीकडून लोखंड धरतो आणि तोंड फिरवतो. तोंड फिरवले की त्याचा हात हलतो. मी डोळे मिटलेले, तो पाठमोरा. दोघांत मिळून एकही जण सांध्याकडे पाहत नसतो, आणि साकव तयार होतो आहे.

मध्यंतरी मला एक युक्ती सुचली. आईच्या छातीचा काढलेला फोटो घरात होता, तो काळा असतो. त्याची दुहेरी घडी करून मी ढालीच्या खिडकीत बसवली. आईच्या फासळ्यांमधून लोखंडाचे पाणी थोडे दिसले. डोळे मात्र तसेच जळाले, आणि दुसऱ्या दिवशी ठिणगी उडून फोटोला भोक पडले. महाडच्या डॉक्टरांनी जुना फोटो मागितला तेव्हा मी तो भोकासकट पुढे केला. त्यांनी तो उजेडासमोर धरला. आई म्हणाली, “डागदर, माझ्या लेकानं माझी छाती जाळलीन.” असे म्हणून ती हसली आणि मग तिला खोकल्याची उबळ आली.

शाळेतली पोरे निळा उजेड बघायला थडीवर जमतात. पूर्वी मी ओरडलो की पळत. आता म्हणतात, “आमी गिराण बघलाव, ह्याला काय भ्यायचा!” माझ्याच हातात काच नाही म्हटल्यावर माझे ऐकणार कोण?

८. माझ्या डोळ्यांची स्थिती : कडा लाल, पाणी अखंड, उजेड सोसत नाही. समोरच्या माणसाच्या तोंडाच्या जागी एक जांभळा ठिपका दिसतो, तो माणूस दूर गेला तरी जात नाही. काकडीच्या चकत्या झाल्या, शेळीचे दूध झाले. शेजारच्या रंगूबाईंच्या सुनेचे तान्हे मूल आहे. तिच्या अंगावरच्या दुधाचे थेंब डोळ्यांत घालावेत असे म्हाताऱ्या बायांनी सांगितले, तेही झाले. हे सरकारी अर्जात लिहावे काय, असा मला प्रश्न पडला होता. परंतु आपण ‘काय उपाययोजना केली’ असे मेमोत विचारले आहे आणि मी खोटे लिहू इच्छित नाही. बिचारी वाटी दाराआडून पुढे करते. रोज दूध घेताना माझी मान वर होत नाही.

डॉक्टरांनी सांगितले की हे थांबवले नाही तर डोळे जातील. मी विचारले, किती राहतील? ते म्हणाले, मी ज्योतिषी नाही. मंजुळा आता जेवताना भाकरीचा तुकडा माझ्या हातात देते. मी तिला म्हणतो, मला दिसते गो. ती म्हणते, “हां, दिसतंय, म्हनून तर आमटीत पानी समजून हात धुतलाव.”

साहेब, मला डोळे हवे आहेत. इतके साधे आहे ते. मला मंजुळाचे तोंड ठिपक्याशिवाय पाहायचे आहे.

९. आता मुख्य गोष्ट.

साकव पूर्ण झाला आहे. मिरगापूर्वी त्याचे उद्घाटन ठरले आहे असे कळते. वरून तो चांगला दिसतो, रंग दिला आहे. पण आतले सांधे मी डोळे मिटून दिले आहेत. वहाळाच्या मध्यावर खालच्या अंगाचे जे सांधे आहेत ते मी उताणे पडून, अंगावर ठिणग्या घेत, निव्वळ कानाने दिले. त्यातले किती आत शिरले आणि किती वरच्यावर बसले हे मी सांगू शकत नाही. हाताने चाचपून पाहतो. काही ठिकाणी हात म्हणतो, बरे आहे. काही ठिकाणी हात काही बोलत नाही. रंगाखाली सगळे सारखेच.

मी हे आपल्या मिस्त्रींना सांगितले. ते म्हणाले, “कशाला तोंड उघडतोस? गप ऱ्हा, तुझंच नाव येईल.” नाव माझेच येणार, हे खरे आहे. पण त्यावरून माझ्या वाडीची पोरे जाणार आहेत, डोक्यावर पाटी घेऊन बाया जाणार आहेत, गावाचीही माणसे शेतावर येताना त्यावरूनच येणार आहेत. वहाळ भरलेला असेल. तेव्हा मला नावाचे काय करायचे?

म्हणून माझे मागणे एवढेच आहे. मला एक काच द्यावी. मी मधले संशयाचे सांधे खरवडून डोळे उघडे ठेवून पुन्हा देईन, त्याची मजुरी नको. नवी काच देता येत नसल्यास भांडारातला गुरुजींचा तुकडा परत द्यावा, आणि त्याच्या जोडीला आपल्याकडचा. मेमोच्या चौकशीसाठी मी आपल्यासमोर उभा होतो तेव्हा पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून आपण टेबलावर ठेवलेली वस्तू मी ओळखली. जांभळ्या ठिपक्याच्या कडेने पाहिली तरी ओळखली. ‘काच कोणत्या अधिकारात दिली’ असे आपण विचारीत होता आणि मी तिच्याकडे पाहत होतो. तेव्हा बोलण्याचे धैर्य झाले नाही. आपला आणि गुरुजींचा तुकडा मिळून दोन बोटांची फट होते. दोन बोटांत मला पुरेसे लोखंड दिसेल.

१०. हेही शक्य नसल्यास शेवटची विनंती करतो.

साकवावरून पहिले कोणी चालावे यावरून वरची आळी आणि खालची आळी पुन्हा भांडली. पुन्हा देवळात बैठक झाली. या खेपेस तुकडे पाडणे शक्य नव्हते, म्हणून पहिले चालण्याचा मान आपणांस द्यावा असे ठरले. हार आणि वाजंत्री सांगितली आहे.

साहेब, आपण चालू नये. पहिल्याने मला चालू द्यावे. मी आणि गणू सिमेंटच्या गोणी डोक्यावर घेऊन जाऊ, मध्यावर उभे राहू, उड्या मारू. मी हे सरपंचांजवळ बोललो. तर बैठकीत आवाज उठला, “पयलं पाऊल काशाचं? मग आमी मागनं त्याच्या पायावर पाय ठेवीत जायचं काय?” मी त्यांना कसे समजावू की मला त्यांचा मान नको? तो त्यांनी खुशाल आपापसांत वाटून घ्यावा. टाके मी डोळे मिटून मारले आहेत, तेव्हा त्यांच्यावर पहिला पाय माझा पडावा, एवढेच माझे मागणे आहे. आईला हे कळले तेव्हा ती म्हणाली, “तू नको, मी जाते. माझं वजन कमी.” मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, “पन मग कळायचं कसं?” ती म्हातारी आहे, पण तिला कळले. आपणांसही कळावे, ही विनंती.

अक्षर मोठे झाले आहे आणि ओळी खाली उतरल्या आहेत, त्याबद्दल क्षमा असावी. पहिली दोन पाने मी लिहिली. पुढची मी सांगितली आणि मंजुळाने लिहिली आहेत, ती चौथी शिकली आहे. सही माझी आहे. ती ओळीवर आली नसल्यास खरी नाही असे समजू नये.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे, आहेत तेवढे डोळे लावून बसलेला,

आपला नम्र,
काशीराम हैबती तांबे
वेल्डर
दिनांक २४ मे १९८०, मुक्काम खडपवाडी (बौद्धवाडी)

सोबत जोडले आहे :
१) ढालीची रिकामी चौकट.
२) शाळेचा तुकडा भांडारात जमा केल्याची पोच.
३) आईच्या छातीचा फोटो, भोक पडलेला. काम झाल्यावर परत मिळावा, डॉक्टरांना लागतो.
४) काचेचा पाचवा तुकडा. हा जोडता आलेला नाही. हा अर्ज वाऱ्याने उडू नये म्हणून तो आपण या अर्जावरच ठेवला असेल.